मधल्या ओट्यावरची रास

आमचा मुकादम हिरामण म्हणजे कर्जतच्या भातगिरणीतला देवमाणूस, असं मीच सांगत फिरायची. मीच, ही बायजा!

लढाईच्या वर्षांतली गोष्ट. गिरणीत दोन यंत्रं. पहिलं भाताचं टरफल काढायचं, दुसरं तांदूळ पांढरा करायचं. मधे आमी बाया सुपानं पाखडायला. पाखडू तेवढी मजुरी. पहिल्या यंत्राचा पट्टा असा मेला, की धड एक दिवस चालंल तर शपथ. म्हणून हिरामणनं मधल्या ओट्यावर न पाखडलेल्या तांदळाची मोठी रास राखलेली. पट्टा तुटला तरी आमची सुपं चालायची, नि पुढचं यंत्रही. रास सरेतो पट्टा शिवून तयार.

एक दिवस येऊन बघते तर ओटा झाडून रिकामा. जी काय साठवण, ती सगळी भाताच्या पोत्यांची, पहिल्या यंत्राच्याही मागं!

"काय रं हिरामण, आक्कल गहाण ठेवलीस का?" मी विचारलं.

"उंदीर लागल्यात राशीला," तो खाली बघून बोलला.

झालं. पट्टा तुटला की आमी हात चोळत बसायचं. अर्धी मजुरी, नि घरी रेशनची किडकी ज्वारी. मी त्याला रोज तोंडावर शिव्या घालायची. आमच्याच रांगेत त्याची बायको सुंदरा बसायची. ती हूं की चूं करायची नाय. मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेते, टवळी.

मग एका दुपारी पुन्हा पट्टा तुटला. शेजारची सोनुबाई, पदराखाली तान्हं पोर, रडायलाच लागली. तशी सुंदरा सूप टाकून उठली.

"रास परत घाला," ती नवऱ्याला बोलली. मग आमच्याकडं वळली. "उंदीर नाय लागलं, बायांनो. मीच ओटीत बांधून नेत व्हते. सासूला ज्वारी पचत नाय, तिच्या पेजेला. ह्यांनी बघितलं, म्हणून रास काढली. टरफलासकटचा भात ओटीत नेऊन करायचा काय?"

तिचं तोंड शरमेनं काळंठिक्कर पडलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण राग आला तो हिरामणचा.

"अरं, बायकोला एक शब्द बोलायचास! आमच्या सगळ्यांच्या पोटावर का पाय दिलास?"

"कुठल्या तोंडानं बोलू, बायजाक्का?" तो पुटपुटला. "पेज मी पण प्यालो."

दुसऱ्या दिवशी रास परत आली. हिरामणनं मात्र मरेपर्यंत पेजेला तोंड लावलं नाय, असं सुंदराच सांगते.