रोज मरणारी पुतणी

उन्हाळा उतरणीला लागून उजनी धरणाचे पाणी मागे सरकले, की पळसदेवच्या काठावर तापल्या चिखलाचा आणि मासळीचा असा दाट वास पसरतो, की तो भाकरीला लावून खावा. मी तर दोन दुष्काळ त्यावरच काढले आहेत. अशाच एका सांजवेळी पाण्यातून वर आलेल्या जुन्या देवळाचे छायाचित्र मी घरच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिले, "आत्ता घंटा वाजवून आलो. आतनं एका चिलापी माशानं 'कोण हाय?' म्हणून विचारलं." बारामतीत खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या माझ्या पुतणीचे, स्वातीचे, उत्तर क्षणात आले, "नाना, हसून हसून मेले! वारले! राख सावडायला या!"

आमच्याकडे निघतानाही 'येतो' म्हणायचे, फुटलेली बांगडीसुद्धा 'वाढते'. अशा घरातली पोर दिवसातून दहादा मरू लागली, तशी तिची आई, म्हणजे माझी वहिनी, प्रत्येक मरणाला मोबाईलवरून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकू लागली. "भावजी, तुमीच नादी लावलंय तिला," ती करवादायची, "फोडणीला मोहरी उरंना घरात!" मला मात्र त्या मरण्यात निखळ माया दिसे. माझ्या पसाभर थापेवर ही पोर अख्खा जीव ओवाळून टाकत होती. एवढा उदार श्रोता राजदरबारीही कुणाला लाभला नसेल.

भरतीची यादी लागायची होती त्या आठवड्यात मी बाभळीवर चढून बसलेल्या खेकड्याची हकिकत धाडली. उत्तर आले, "छान आहे नाना." वहिनी सुखावली, पोरगी शहाणी झाली म्हणाली. मी मात्र ते उत्तर चारदा वाचले. फुगवून बोलणाऱ्यांचे दुःख साध्या वाक्यात दडून बसते, हे त्या घरात माझ्यावाचून कुणाला कळणार! स्वातीचा बाप, माझा थोरला भाऊ, गेला त्या दुपारी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी नुसते "हो, ठीक आहे" एवढेच म्हणत होतो.

सकाळच्या पहिल्या एसटीने बारामती गाठली. खोलीवर स्वाती बांधलेल्या बॅगेशेजारी बसली होती.

"एका मार्कानं गेलं, नाना. आता घरी येते. आई म्हणंल तितं लग्न करते." मग खाली बघतच म्हणाली, "खरं सांगा, पुढच्या खेपंला जमंल का मला?"

खिडकीबाहेर गुलमोहर पेटला होता. ती वाऱ्याला मागे टाकते, अख्खे पोलीस खाते तिच्यासाठी फाटक उघडे ठेवून ताटकळले आहे, अशी डझनभर उत्तरे जिभेवर तयार होती, आणि त्यांतले एकही तिच्या हाती ठेवण्याजोगे वाटेना.

"न्हाय म्हाईत, पोरी," मी म्हणालो. "पण उद्या सकाळी मैदानावर घड्याळ घेऊन मी हुबा राहीन."

परक्या माणसाकडे पाहावे तशी ती कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने बॅगेची चेन ओढली, तळातून पळायचे बूट काढले आणि नाडीची करकचलेली गाठ नखांनी सोडवू लागली. आणि खरे बोलल्यावर माणूस इतका हलका होतो, आणि इतका भितोही, हे मला या वयात पहिल्यांदाच समजत होते.