पर्स्वेसिव्ह बाई

निमगाव सावाला सून म्हणून आले तेव्हा माझं इंग्रजी बारावीपुरतं होतं आणि ते पुरतही होतं. गावात आरोग्याचं काम करताना बीपी, शुगर, टॅबलेट एवढ्या शब्दांवर माझं छान चाललं होतं. मग तालुक्याच्या गावी आमचं प्रशिक्षण झालं. शहरातून आलेल्या सरांनी पडद्यावर एकच शब्द मोठा करून दाखवला आणि म्हणाले, "तुम्ही पर्स्वेसिव्ह असायला हवं."

आम्ही साठेक बाया. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी आळे गावची एक बाई बसली होती, तिनं हळूच विचारलं, "पर्स आपली आपण आणायची का?" मी म्हटलं, बहुतेक. सरांना अर्थ विचारायची हिंमत कुणालाच झाली नाही आणि सांगावा असं त्यांनाही वाटलं नाही.

घरी आल्यावर लेकीला विचारलं. ती मंचरला कॉलेजात जाते, त्यामुळे आम्हा सगळ्यांची तिला कीव येते किंवा आम्हाला तिची. ती म्हणाली, "मन वळवणारा, समोरच्याला पटेल असा. ते विशेषण आहे, आई. माणूस पर्स्वेसिव्ह असतो, तसंच बोलणं किंवा मुद्दाही असतो. आता बाबा बघ. ते पर्स्वेसिव्ह नाहीत, ते नुसते ओरडतात."

नवऱ्यानं आतून ओरडून विचारलं, काय चाललंय म्हणून. उदाहरण लगेच पटलं.

आता हे विशेषण मला लागायचं कुणापुढे, तर आमच्या आळीतल्या आबांपुढे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वय पंचाहत्तरच्या पुढे. शिबिरात ऑपरेशन फुकट, न्यायला-आणायला गाडी, तरी आबा दोन वर्षं मला परतवून लावत होते. मी सरांनी दिलेला कागद पुन्हा वाचला आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

कागदात लिहिलं होतं, चेहरा हसरा ठेवा. मी ठेवला. आबांना तो दिसत नव्हता. पुढे होतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. मी बघितलं. तिथे दोन पांढरे मणी होते आणि ते माझ्याकडे नाही, गोठ्याकडे बघत होते.

"आबा, ऑपरेशननंतर तुम्हाला सगळं स्पष्ट दिसंल."

"काय बघायचं राह्यलंय आता?"

"नातवंडांची तोंडं बघाल."

"ती मोबाईलात घातलेली असत्यात. न्हाई दिसली तरी चालंल."

मुद्दा बिनतोड होता. लेकीच्या व्याख्येप्रमाणे आमच्या दोघांत पर्स्वेसिव्ह आबाच होते. घरी येताना मलाच वाटायला लागलं, खरंच, काय बघायचं राह्यलंय.

अशा माझ्या चार चकरा झाल्या. आबांची बायको, म्हणजे आजी, दर वेळी चहा द्यायच्या आणि मला दमलेली बघून साखर वाढवायच्या.

मग आबांचे चुलतभाऊ शिबिराला जाऊन आले. दोघांची वावरं एकमेकांना लागून आहेत आणि मधला बांध हाच त्यांच्या आयुष्यभराच्या बोलण्याचा विषय. ऑपरेशननंतरची डोळ्यावरची हिरवी पट्टी उतरवून आठ दिवस झाले नसतील, ते पारावर येऊन बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "लई लख्ख दिसतंय राव. काल वावरात गेलो व्हतो. बांध माझ्या अंगाला हातभर सरकलाय. इतकी वर्षं दिसलंच न्हाई मला."

पारावरच बसलेले आबा काठी उचलून घरी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते तर काठी टेकत दारात उभे.

"पोरी, ती गाडी कधी हाय?"

"आबा, तुम्हाला तर काही बघायचंच नव्हतं."

"गाडी कधी हाय ते सांग."

ऑपरेशन झालं, उत्तम झालं. महिन्याच्या बैठकीत सरांनी मला उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि सांगितलं, याला म्हणतात पर्स्वेसिव्ह संवाद. मी बांधाचं सांगायला तोंड उघडलं, तोवर सरांनी पडद्यावर पुढचं पान लावलं होतं.

इकडे आबांनी डोळ्यांत थेंब घालणं चालू असतानाच वावर गाठलं. मी सांगितलं होतं, धुळीत जाऊ नका. ते कुणाला पटलं नाही. बांध जिथं होता तिथंच होता. आबा जरा हिरमुसलेच. भावाला बोलावून दाखवला, तर तो शांतपणे म्हणाला, "आसंल. माझ्या चष्म्याचा नंबर यायचाय अजून."

त्या दिवशी दोघं तिथेच बांधावर दुपारपर्यंत बसले होते. भांडत होते की बोलत होते ते लांबून कळलं नाही. मला मात्र बरं वाटलं.

आता आजी राहिल्या होत्या. त्यांच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी कागद घरीच ठेवून गेले. म्हणाल्या, "मला नको गं. ह्यांचं त्वांड जरा धुरकट दिसतंय, त्यामुळं संसार व्हतोय."

मी चहा प्यायले. उठताना त्यांनीच विचारलं, "त्या गाडीत खिडकीची जागा मिळती का?"

"मिळती."

"मग लिही माझं नाव."

आजी खिडकीशी बसून गेल्या, शेजारी मी. आळेफाटा मागे पडेपर्यंत त्या त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्यानं बाहेर बघत होत्या आणि काय काय दिसतंय ते मला सांगत होत्या. निम्मं चुकीचं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.