बिडकीनच्या मुलीचा तुकडा

आमचं शहर तेव्हा चारी बाजूंनी वाढत होतं, आणि नळाला मात्र पाचव्या दिवशी पाणी येत होतं. अशा दिवसांत कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी गटानं शिकायचं खूळ काढलं. चौघांचा गट, धड्याचे चार तुकडे. प्रत्येकानं आपला तुकडा बाकीच्यांना इंग्रजीत समजावायचा. मग सर कुणालाही उठवून दुसऱ्याचा तुकडा विचारणार, आणि त्याला पडतील तेच गुण चौघांना.

मला हे मुळीच पटलं नव्हतं. मी इंग्रजी शाळेतली. तिघांचं ओझं माझ्याच डोक्यावर येणार, याची मला खात्री होती. त्यातली एक मुलगी बिडकीनहून एसटीनं यायची. आधी टँकरला नंबर, मग घागरी, मग कॉलेज. इंग्रजीत ती एकदा नापास झाली होती. "औंदा राहिले तर शिक्षण बंद, म्हणतेत घरचे," तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

एका गावानं विहिरीचं पाणी कसं वाटून घेतलं, हा तिचा तुकडा. ती अडखळत सांगू लागली आणि मी सरसावले. वाक्यागणिक थांबवलं, दुरुस्त केलं. गटातला शहागंजचा मुलगा वैतागला. "अरे, बोलने तो दो उसको!" पण मी कसली ऐकते!

शुक्रवारी सरांनी मलाच उठवलं आणि तिचा तुकडा विचारला. मी ऐटीत तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. तिची एकूण एक चूक आठवत होती; पाणी वाटलं कसं, ते काही केल्या आठवेना. चौघांना दहापैकी दोन.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांना दया आली, सोमवारी पुन्हा विचारतो म्हणाले.

बसस्टॉपवर मी माफी मागितली, तिच्या चुकाच तेवढ्या आठवल्या हेही कबूल केलं.

"ते राहू दे. माझ्या चुका बऱ्या ध्यानात राहिल्या तुझ्या! इथं बस. मी सांगते, मधी बोलायचं नाय."

विहिरीवर आधी म्हाताऱ्यांची घरं, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे. त्यांच्या गल्लीत टँकरवर असंच चालायचं, त्यामुळे तो तुकडा तिला माझ्यापेक्षा जास्त कळला होता. दोन एसटी निघून गेल्या. मी तोंड मिटून ऐकत राहिले.

सोमवारी मी सगळं धडाधडा सांगितलं. चौघांना नऊ. त्या वर्षी ती पास झाली. त्या सोमवारी कापलेला एक गुण माझ्या इंग्रजीतल्या चुकीचा होता. चूक तिची, ऐकता ऐकता माझ्या तोंडी बसलेली. गुण गेल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.