भोंगा नंतर लावू

दुपारी आम्ही दोघं दारात बसून वाल सोलत होतो. समोर रस्त्यापलीकडच्या टॉवरच्या खिडक्या पटापट बंद झाल्या. मग मागून डम्पिंगच्या कचऱ्याचा वास आला.

"अहो, त्यांना आधी कसं कळतं?" बायको म्हणाली. लगेच दम लागला. दम्याचा पंप सापडेपर्यंत ओठ निळे. हॉस्पिटलात नेली, ती परत आली नाही. सोललेले वाल मीच फेकले.

वर्षापूर्वी एका कंपनीची माणसं आली होती. एक मुलगी, एक चष्मेवाला. आमच्या कपाटाला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. "याला डिझाइन थिंकिंग म्हणतात, मावशी," मुलगी म्हणाली. "आधी तुमचं दुःख समजून घ्यायचं, मग यंत्र बनवायचं."

उभ्या जन्मात बायकोला असं कुणी विचारलं नव्हतं. भडाभडा बोलली. वास यायच्या आधी भोंगा वाजला तर खिडकी लावीन, पंप हाताशी घेईन. त्यांनी मागच्या खिडकीला डबा ठोकला. माणसाच्या नाकाआधी त्याला वास कळतो म्हणे. वीज आमच्या प्लगातून. भोंगा?

"भोंगा नंतर लावू."

ती मुका डबा रोज पुसायची.

तेराव्यानंतर कंपनीने मला टॉवरच्या हॉलमध्ये बोलावलं. वॉचमनने सामानाच्या लिफ्टने पाठवलं. पडद्यावर माझी बायको. हातात पंप. खाली नाव भलतंच. चष्मेवाला सांगत होता, या बाईच्या त्रासातून ॲप सुचलं, आता वासाआधी तुमचे मोबाइल वाजतात. टॉवरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मला त्या खिडक्या कळल्या.

उभा राहिलो. "आणि आमची चाळ?"

तो हसला. "काका, तुम्ही युजर नाही. तुमच्याकडून फक्त रिक्वायरमेंट घेतली."

हॉलही हसला. त्यांनी दिलेला गुच्छ खुर्चीवर टाकला. "ती मेली. तिचा फोटो उतरव आधी." तो उतरवेपर्यंत हललो नाही. मग जिन्याने खाली आलो. सामानाच्या लिफ्टने नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याचा प्लग काढला. थोड्या वेळात मुलगी दारात.

"काका, डबा बंद पडलाय. टॉवरवाले ओरडतायत."

"ओरडू दे."

"प्लीज ना, काका. मावशींनी एवढ्या प्रेमाने..."

"तिचं नाव काढू नकोस."

वायर गुंडाळून हातात धरली. शेजारच्या पोरीलाही दमा आहे. ती आतून खोकत होती. कंपनीच्या मुलीलाही ऐकू गेलं.

"आधी भोंगा. या चाळीत. माझ्या कानांनी ऐकेन, मग वीज."