कोष्टकाशी जुळलेली रीडिंगं

खोटं रीडिंग मला लांबून ओळखता येतं. बडोद्यात फिजिक्सची प्रॅक्टिकलं घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. उपकरणाला हात न लावता कोणत्या पोराने जर्नलमध्ये आकडे ठोकून दिलेत, हे मी पान उलटायच्या आत सांगायची, आणि मग त्या पोराची धडगत नसायची.

सायबर कॅफे नुकतेच निघाले होते त्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी, तिशीचा, रिफायनरीतली चांगली नोकरी सोडून शिडाच्या होडीतून एकटाच मॉरिशसहून गोव्याला निघाला. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्याला थर्मामीटर दिलं आणि काम लावून दिलं. रोज दुपारी बारा वाजता बादलीने समुद्राचं पाणी वर ओढायचं, तापमान मोजायचं आणि कळवायचं. सोबत एक कोष्टकही दिलं, कुठल्या अक्षांशावर साधारण किती तापमान असतं त्याचं. ते आकडे घेऊन आमच्या नववीच्या मुलांनी आलेख काढायचा, असं ठरलं. होडीवरच्या उपग्रह-यंत्रावरून येणारा त्याचा दोन ओळींचा ईमेल मी रोज संध्याकाळी निजामपुऱ्यातल्या कॅफेत जाऊन कागदावर उतरवून आणायची. येताना कारेलीबागेत त्याच्या आईच्या दारात स्कूटर थांबवायची आणि वाचून दाखवायची. ती माउली एकच विचारायची, "जेवतोय ना नीट?" तापमानात तिला काडीचा रस नव्हता.

पहिले तीन आठवडे आकडे वेडेवाकडे आले. आज वर, उद्या खाली, पाऊस झाला की भलतंच काहीतरी. मुलं वैतागली, मी मात्र खूश होते. आणि मग एक दिवस रेघ सरळ झाली. सुरेख चढत गेली. मुलांनी वर्गात टाळ्या वाजवल्या. मी कपाटातून कोष्टकाची माझ्याकडची प्रत काढून शेजारी ठेवली, तर सलग नऊ दिवसांचे आकडे दशांशासकट तेच होते.

होडी कुठे आहे हे तेच यंत्र आपोआप कळवत होतं, आणि सुकाणूही वाऱ्याच्या पात्यावर आपोआप चालत होतं. म्हणजे होडी पुढे सरकत होती, पण आतला माणूस बादली टाकायला उठत नव्हता. का उठत नव्हता?

मी तडक प्राध्यापकांकडे गेले. ते कोष्टकाकडे कौतुकाने बघत राहिले. "आंकडा मळे ए तो सारुं ज ने, बेन," म्हणाले. आकडे जुळले, हे चांगलंच की. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सर, समुद्र तुमचं कोष्टक वाचून तापत नाही. त्यावर ते गंभीर झाले. त्याने आकडे बनवले असं आपणच म्हणालो तर प्रकल्प बुडेल, आणि पोचल्यावर त्याच्यावर जन्माचा डाग राहील, म्हणाले. तेही खरंच होतं. मी उठले आणि कॅफेत जाऊन त्याला लिहिलं, "बादली किती दिवस टाकली नाहीस? खरं सांग, रागावणार नाही."

दुसऱ्या संध्याकाळी उत्तर आलं. "दहा दिवस. उजवा तळवा दोराने कापला. कोपरापर्यंत सूज, ताप आहे. गोवा सहा दिवस. कोणाला सांगू नका, उतरवून नेतील. आईला तर नाहीच."

कॅफेसमोर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. ओळख ना पाळख, मी रांग मोडून आत घुसले आणि कागद पुढे केला. त्यांनी दोनदा वाचला. सहा दिवसांची वाट बघू नका, म्हणाले, विष अंगात भिनलं तर दोनसुद्धा मिळणार नाहीत.

त्याची आई फाटकात उभीच होती. "जेवतोय ना?"

त्याने विश्वासाने सांगितलेलं मी तिथेच, स्कूटरवरून न उतरता, सांगून टाकलं. वाटलं, आता रडेल, मला धरून बसेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मग इथे काय उभ्या आहात, बाई?"

प्राध्यापकांनी ईमेलचा कागद वाचला, फोन उचलला आणि किनाऱ्यावरचं बचाव केंद्र लागेपर्यंत नंबर फिरवत राहिले. पुढचे दोन दिवस मी वर्गात काय शिकवलं, देव जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. एका मालवाहू जहाजाने त्याला उचललं होतं. तो धड उभाही राहू शकत नव्हता. होडी तिथेच सोडून द्यावी लागली.

बडोद्याला आणल्यावर मी दवाखान्यात भेटायला गेले. हात वाचला होता, दोन बोटं गेली होती. मला बघून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"चारच दिवस राहिले होते, बाई."

त्या डॉक्टरांनी दोनसुद्धा दिले नव्हते, हे उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी ते गिळलं. त्याच्या आईने मला बसायला स्टूल दिलं, मोसंबं सोलून हातात ठेवलं. मी अर्धा तास बसले. एवढ्या वेळात त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यानंतर आजवर तो माझ्या घरी आलेला नाही.