पार्लर उघडलं

साथीमुळे चार महिने बंद असलेलं समोरचं ब्यूटी पार्लर आज उघडलं. खिडकीतून पाहिलं, तर मालकीण सुनंदाताईच खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे कामाला असलेली रेश्मा त्यांचे केस कापत होती.

बंदच्या काळात रेश्माने त्यांना भीतभीत विचारलं होतं, "ताई, पगार थांबणार का?"

"दुकान तू बंद केलंस का? पगार तुझा हक्क आहे," असं म्हणून ताईंनी स्कूटर विकली, पण पगार चुकवला नाही. रेश्मानेच मला हे सांगितलं. हक्क हा शब्द मी मोर्च्यांत पुष्कळदा ऐकला होता, इतक्या घरगुती आवाजात मात्र पहिल्यांदाच.

समोर दोघी आरशात पाहून हसत होत्या. मी रस्ता ओलांडला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.