खिशातले हात

मागखात्यात बटण दाबलं की चाळीस माग एकदम खडखडायला लागतात, आणि मग कानाशी येऊन बोंब मारली तरी ऐकू येत नाही. तिथल्या बायकांनी यावर फार पूर्वीच तोड काढली होती. त्या हातांनी बोलत. अंगठा मनगटावर घासला की सूत तुटलं, तळवा पोटावर ठेवला की जेवणाची सुट्टी, आणि दोन बोटं कपाळावर आपटली की मॅनेजर येतोय. या शेवटच्या खुणेत थोडा अपमानही होता, पण तो मॅनेजरला कळण्यासारखा नव्हता आणि निम्मी मजा त्यातच होती. पगार देणारा साहेब खात्यातून फिरे तेव्हा त्याच्याविषयी चाळीसजणी त्याच्या तोंडावर बोलत असत.

या बोलीत कुणाला नाव नव्हतं, खूण होती. आपल्या बाईच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून ती तीळवाली. अठरा वर्षं ती सात नंबरच्या मागावर उभी राहिली. शेजारी आठ नंबरवर तिची मैत्रीण, उंचाडी. बाळंतपणांपासून सासवांपर्यंत सगळं या दोघी त्या खडखडाटात बोलल्या होत्या, तोंडातून अक्षर न काढता. घरी मात्र तीळवाली एवढ्या मोठ्याने बोले की नवरा म्हणे, "अगं, मी समोरच बसलोय."

मग तिचे गुडघे बोलायला लागले. त्याच सुमारास मॅनेजरने तिला मुकादम केलं. मुकादमाला खुर्ची असते. एवढ्या एका खुर्चीसाठी ती हो म्हणाली, आणि मला यात तिची काही चूक दिसत नाही.

चूक दुसरीच झाली. मुकादमाचा निळा कोट घालून ती पहिल्या दिवशी खात्यात शिरली आणि कालपर्यंतच्या मैत्रिणींसमोर अशी ओशाळली की हातांचं काय करावं ते तिला कळेना. कोटाला खिसे होते. तिने हात खिशात घातले. आता बाहेरच्या जगात याला काही अर्थ नाही, पण मागखात्यात समोरच्या बाईकडे बघत हात खिशात घालणं म्हणजे तुझ्याशी मला बोलायचं नाही, असं तोंडावर सांगणं. ती दिवसभर तशीच फिरली. दुसऱ्या दिवसापासून ती आली की बायका पाठ फिरवून बोलू लागल्या.

तिने पाण्याच्या नळापाशी उंचाडीला गाठलं. "काय झालंय तुम्हा सगळ्यांना?"

"तू आम्हाला खिसे दाखवलेस."

"अगं, हात कुठे ठेवायचे तेच सुचेना."

"अठरा वर्षं सुचत होतं ना?" उंचाडी म्हणाली आणि बाटली भरून निघून गेली. तीळवालीला त्या दिवशी खुर्चीवर बसवेना.

त्यात नऊ नंबरचं प्रकरण निघालं. त्या मागापुढची जाळी तुटली होती आणि आतला धोटा, सूत इकडून तिकडे नेणारा तो टोकदार लाकडी ठोकळा, दोनदा बाहेर उडाला होता. जाळी बसेपर्यंत नऊ नंबरवर कुणी उभं राहायचं नाही, असं बायकांनी आपसात ठरवून टाकलं. मॅनेजरने तीळवालीला बोलावून घेतलं. "हे कुणी सुरू केलं? तुला त्यांची बोली कळते, म्हणूनच तुला मुकादम केलंय. उद्या नाव सांग, नाहीतर परत सात नंबर."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, "नाव सांगितलंस तर?"

"उंचाडीची नोकरी जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"माझे गुडघे जातील." तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती.

मॅनेजरची खोली खात्याच्या वर होती. सगळ्यांवर नजर राहावी म्हणून तिला जमिनीपासून छतापर्यंत काच होती. दार लावलं की आत शांत. सकाळी तीळवाली आत आली, कोट काढून तिने खुर्चीवर टाकला आणि काचेपाशी जाऊन खालच्या खात्याकडे तोंड करून उभी राहिली.

"इकडे बघून बोल," मॅनेजर म्हणाले.

"बोलते की," ती म्हणाली, आणि तोंडाने जे बोलली तेच हातांनीही बोलली, मोठमोठ्या खुणांनी. "साहेब विचारतायत, हे कुणी सुरू केलं."

खाली एकेक मान वर झाली. उंचाडीने हात उचलले. तीळवाली मोठ्याने सांगू लागली, "म्हणतेय, मी सुरू केलं. धोटा डोळ्यापासून दोन बोटांवरून गेला. जाळी बसली तर बरं होईल."

उंचाडीने मान हलवली आणि पुन्हा हात चालवले. तीळवालीने तेही तोंडाने सांगितलं. "म्हणतेय, साहेब अजून लाल झाले नाहीत, म्हणजे मीच तिचं बोलणं गोड करून सांगितलं. तिचं खरं म्हणणं असं, की तुमच्या मुलीला नऊ नंबरवर उभं कराल का?"

साहेब लाल झाले. खालच्या बायकांनी ते पाहिलं.

"हिला मी आजच्या आज काढू शकतो," ते म्हणाले. तीळवालीने हेही हातांनी खाली पोचवलं, काही हातचं न राखता. बायका एकेक करून माग बंद करू लागल्या. खडखडाट विरळ होत गेला.

"हे काय चाललंय? थांबव," मॅनेजर म्हणाले.

"मी फक्त तुमचं सांगितलं, साहेब."

त्यांनी नऊ नंबरकडे पाहिलं. "सांग त्यांना. दोन दिवसांत जाळी बसेल. कुणाला काढत नाही."

तिने सांगितलं. खालून उत्तर आलं.

"आता काय?"

"म्हणतायत, हे मुकादम बोलली. साहेबांचे हात अजून काही बोलले नाहीत."

ते हसणार होते, पण खालचे चेहरे बघून थांबले आणि काचेपाशी आले. तीळवालीने दाखवलं: बोटांत बोटं गुंतवली की जाळी, मुठीवर मूठ म्हणजे बसवणं, मग दोन बोटं, म्हणजे दोन दिवस. पहिल्यांदा त्यांची बोटं अडखळली आणि पार टोकाच्या एकीने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यांदा उंचाडीने हलवली. तिसऱ्यांदा साहेब नीट बोलले, आणि आपण असं म्हणालोच नव्हतो असं म्हणण्याची सोय चाळीसजणींसमोर कायमची संपली.